भविष्यकाळातही ॲप्रनच?

'तुमच्या गोष्टीतली बाई सत्तेचाळीस वर्षांची कशाला?' 'तिला नवरा नाही का?' 'ती चंद्रावर गेली तर घरचं कोण बघतं?' आमच्या चित्रकथेची कच्ची पानं ज्यांना ज्यांना दाखवली, त्यांच्याकडून गेल्या दीड वर्षात हे तीन प्रश्न हमखास आले. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ माणसांची वस्ती आहे, तिथल्या अंधाऱ्या विवरांमधला बर्फ काढून ती पाणी करतात, हे सगळं लोकांनी विनातक्रार मान्य केलं. वजन सहापटीनं कमी झालं, त्याबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही. अडलं ते फक्त बाईपाशी.

मी गोष्ट लिहिते आणि माझी एक मैत्रीण चित्रं काढते. बत्तीस पानांची ही विज्ञान-चित्रकथा आहे, साधारण पाचवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी. 'स्त्रीपात्रं आदरानं रंगवायची' हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. ठरवायला काय जातं! पण आदर म्हणजे कागदावर नेमकं काय काढायचं, हे ठरवताना आमची पुरती दमछाक झाली. त्याविषयी इथे लिहावंसं वाटलं, कारण आपल्या चळवळीतसुद्धा या बाबतीत बऱ्यापैकी गोंधळ आहे असं माझं मत झालं आहे.

माझ्या पिढीच्या मुलींनी चित्रकथा वाचल्या त्या 'इंद्रजाल'च्या. १९६४ साली ही मालिका सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. मराठीतही निघायची. भाऊ आणायचे आणि त्यांची पाठ फिरली की आम्ही वाचायचो. वेताळाची डायना संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी, पाण्यात सूर मारण्यात पटाईत. पण गोष्टीत तिचं मुख्य काम म्हणजे कुणीतरी तिला पळवून नेणं. फ्लॅश गॉर्डनची डेल तर त्याच्याबरोबर थेट परग्रहावर जाते, आणि तिथल्या दुष्ट सम्राटाला पहिली इच्छा होते ती तिच्याशी लग्न करण्याची. ही कथा अमेरिकेत १९३४ साली सुरू झाली. ग्रह वेगळा, आकाश वेगळं, प्राणी वेगळे. लग्नाची बळजबरी तेवढी आपल्याच गल्लीतली.

पुढे बाईला शक्ती मिळाली तेव्हाही फार फरक पडला नाही. वंडर वूमन १९४१ साली आली. ती विमानं अडवते, बंदुकीच्या गोळ्या मनगटावर झेलते. १९४२ मध्ये तिला वीरपुरुषांच्या मंडळात घेतलं, ते सेक्रेटरी म्हणून! म्हणजे बाकीचे युद्धावर जाणार आणि ही इतिवृत्त लिहिणार. (आपल्यापैकी कितीजणी आजही कुठल्या ना कुठल्या समितीवर 'तुमचं अक्षर छान आहे' म्हणून असतात, ते आठवलं.) १९६१ साली 'फँटास्टिक फोर' ही मालिका आली. चौघं अंतराळात जातात आणि त्यांना विलक्षण शक्ती मिळतात. एकाचं शरीर हवं तसं ताणलं जातं, एक आगीचा लोळ होतो, एक दगडासारखा अभेद्य होतो. चौथी बाई. तिला कोणती शक्ती मिळते? दिसेनाशी होण्याची. तिचं नावच 'अदृश्य मुलगी'. त्या मुलीची 'अदृश्य स्त्री' व्हायला १९८५ साल उजाडलं.

कुणी म्हणेल, ही पोराटोरांची करमणूक, तिच्याकडे एवढं गंभीरपणे काय पाहायचं? तर मग खऱ्या अंतराळात काय झालं ते पाहा. १९८२ मध्ये स्वेतलाना सावित्स्काया ही सोव्हिएत वैमानिक 'साल्यूत ७' या अंतराळस्थानकावर पोचली. अंतराळात गेलेली ती जगातली दुसरी स्त्री. आधीपासून तिथे असलेल्या सहकाऱ्यानं तिचं स्वागत कसं केलं? 'तुझ्यासाठी ॲप्रन तयार ठेवलाय' असं म्हणून. विनोद होता म्हणे. पुढल्याच वर्षी अमेरिकेची सॅली राइड निघाली, तेव्हा आठवडाभराच्या प्रवासासाठी पाळीची शंभर टॅम्पॉन पुरतील का, असं अभियंत्यांनी तिला विचारलं होतं. चंद्रावर माणूस उतरवणारी ही बुद्धिमान मंडळी! सावित्स्काया १९८४ मध्ये पुन्हा गेली आणि यानाबाहेर पडून काम करणारी जगातली पहिली स्त्री ठरली. बाहेर जाऊन तिनं काय केलं, तर धातू कापण्या-जोडण्याचं काम. हे चित्र मला फार आवडतं. त्या ॲप्रनपेक्षा तिच्या हातातलं ते जोडकामाचं अवजार मुलींच्या पुस्तकात यायला हवं होतं.

आणि असं कल्पनेत आणणं कुणाला जमलंच नव्हतं असंही नाही. रुकय्या सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात आली. तिच्यातल्या स्त्रीराज्यात बायकांची विद्यापीठं आहेत. एक विद्यापीठ फुगे सोडून, नळ्या लावून ढगातलं पाणी वरच्या वर उतरवून घेतं. दुसरं सूर्याची उष्णता साठवतं. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर, त्यामुळे कुठे धूर नाही की कोळसा नाही. पुरुष मर्दान्यात राहतात, मुलं सांभाळतात, रांधतात. पडद्यात वाढलेल्या, घरच्यांना नकळत रात्री इंग्रजी शिकलेल्या बाईला १९०५ साली चूल हलवता आली. फॅक्टरीभर चित्रकार हाताशी असलेल्यांना पुढे साठ वर्षं ती हलवता आली नाही. तेव्हा हा प्रश्न कल्पनाशक्तीचा नसून सोयीचा आहे. (दुर्गाबाई या गोंड चित्रकर्तीनं या कथेसाठी काढलेली चित्रं तारा बुक्सनं छापली आहेत. मिळाली तर जरूर पाहा.)

आता आमच्या गोष्टीकडे येते. आमची गिरजा ही हापसा दुरुस्त करणारी बाई आहे. ही काही आमच्या मनची उडी नव्हे. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात महिला समाख्याच्या कार्यक्रमातून गावातल्या बायका हापसे दुरुस्त करायला शिकल्या, त्यातल्या अनेक दलित, अनेक निरक्षर. आपल्याकडच्या जुन्या कार्यकर्त्यांना हे आठवत असेल. पाणी भरायचं बाईनं, हंडे वाहायचे बाईनं आणि हापसा बिघडला की वाट बघायची तालुक्याहून येणाऱ्या पुरुषांची, हे त्यांनी मोडलं. आणि आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. देशभर दिसणारा 'इंडिया मार्क टू' हापसा १९७० च्या दशकात तयार झाला तो सोलापूर पंप नावाच्या हापशाच्या नमुन्यावरून. मग चंद्रावर पाणी काढायचं म्हटल्यावर तिथे पांढऱ्या कोटातला तरुणच का जावा? पाइप तो पाइप आणि वायसर तो वायसर.

चंद्रावर नेमका बिघाड काय व्हावा यासाठी मला बराच अभ्यास करावा लागला. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे हवेच्या दाबावर पाणी ओढणारा साधा पंप तिथे चालणारच नाही. बर्फ तापवला तर त्याचं पाणी न होता थेट वाफ होते आणि ती कोंडून धरावी लागते. जिथे ऊन कधीच पोचत नाही अशा विवरांमध्ये उणे दोनशे अंशांच्याही खाली तपमान असतं, तिथे रबर काचेसारखं तडकतं. १९८६ साली चॅलेंजर यान गेलं ते थंडीत कडक झालेल्या एका रबरी कड्यामुळेच. तर आमच्या गोष्टीत वाफ धरणारी नळी गळते आहे आणि यंत्रावरचे सगळे काटे 'ठीक' दाखवत आहेत. हवा नाही म्हणजे आवाजही नाही. पण थरथर मात्र लोखंडातून येते. गिरजा हातमोजा घातलेला पंजा पाइपवर ठेवते आणि तिसऱ्या सांध्यापाशी 'इथं' म्हणते. तिच्याबरोबरची चोवीस वर्षांची भूगर्भतज्ज्ञ नाझनीन विचारते, 'कशावरून?' पुढची अडीच पानं या दोघी त्या सांध्याविषयी बोलतात, भांडतातसुद्धा. एकीला गणित येतं, दुसरीला हात.

ॲलिसन बेक्डेल या अमेरिकन चित्रकर्तीनं १९८५ साली आपल्या एका चित्रपट्टीत एक नियम मांडला होता. सिनेमात किमान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि ते बोलणं पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाविषयी तरी असावं. पट्टीतली बाई म्हणते की, या नियमाप्रमाणे तिला शेवटचा पाहता आलेला सिनेमा 'एलियन', कारण त्यात दोघी राक्षसाबद्दल बोलतात. दुसरी एक कसोटी केली स्यू डिकॉनिक या लेखिकेची. तुमच्या गोष्टीतली बाई काढून तिथे एक शोभेचा दिवा ठेवला तरी गोष्ट चालते का, असं ती विचारते. चालत असेल तर गोष्ट पुन्हा लिहा. माझ्या मते आपल्या निम्म्या विज्ञानकथांमध्ये समई ठेवली तरी भागेल. शास्त्रज्ञाची बायको दारात उभी राहून 'म्हणजे काय हो?' असं विचारते, आणि मग शास्त्रज्ञ दीड पान सिद्धान्त समजावतो! पण अशा कसोट्या चूक पकडायला उपयोगी पडतात. चित्र काही त्या काढून देत नाहीत.

चित्र काढताना खरी मेहनत झाली ती शरीराची. माझी मैत्रीण पंचायत समितीच्या हापसेवाल्या टोळीबरोबर चार दिवस हिंडली. परत आली ती वह्या भरून. पाइप उपसताना पाय किती फाकतात, गुडघे कसे मोडतात, पान्याला जोर लावताना खांदा कुठे जातो, दात कसे आवळले जातात. तिचं म्हणणं असं की, चित्रकथेतली बाई नेहमी कुणीतरी पाहतंय अशी उभी असते. तिची कंबर एकीकडे आणि मान दुसरीकडे. त्या अवस्थेत पाना धरून पाहा, तोल जाऊन पडाल. काम करणारं माणूस असं उभं राहूच शकत नाही. पान्याला जोर लावणारा चेहरा सुंदरही दिसत नाही, आणि तो सुंदर दिसावा अशी गिरजाची अपेक्षाही नाही. माझ्या मते आदराची सुरुवात इथे होते. तिचं काम नीट समजून घ्या आणि ते काम जे शरीर करतं तेच काढा.

हे एका प्रकाशकांना दाखवलं. माणूस सज्जन. पानं आवडली म्हणाले. मुखपृष्ठावर मात्र गिरजाऐवजी नाझनीन घ्या, आणि तिचा सूट 'जरा अंगासरशी' करा, अशी सूचना आली. आम्ही सांगितलं की, चंद्रावर बाहेर पडताना घालायच्या सूटमध्ये हवेचा दाब भरलेला असतो, आत कोण आहे हे बाहेरून कळत नाही, सगळेच धान्याच्या पोत्यासारखे दिसतात. त्यावर ते म्हणाले, 'मग ती बाई आहे हे कळणार कसं?'

या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. बाई ओळखायची ती छातीवरून आणि कमरेवरून, दुसरी खूण नाही, असा याचा अर्थ होतो. ती काय बोलते, तिचं नाव काय, ती काय करते, हे बाईपणात मोजलंच जात नाही. आणि प्रत्येक चौकटीत ती बाई आहे हे कळायला तरी कशाला हवं? पुरुष पात्राच्या बाबतीत अशी चिंता कुणी करत नाही. सूट हवा तर त्याची खरी गोष्ट सांगा ना! मार्च २०१९ मध्ये नासाच्या दोन स्त्रिया पहिल्यांदाच दोघीच मिळून यानाबाहेर काम करणार होत्या. ते पुढे ढकललं गेलं, कारण दोघींना मधल्या मापाचा सूट हवा होता आणि वापरायला तयार असा एकच होता. शेवटी १८ ऑक्टोबर २०१९ रोजी क्रिस्टिना कोक आणि जेसिका मायर बाहेर पडल्या. गिरजाला पहिल्या दिवशी मिळालेला सूट पुरुषी मापाचा आहे, बोटं मोज्याच्या टोकापर्यंत पोचत नाहीत, म्हणून ती मोज्यात चिंध्या कोंबते. हे दृश्य आमच्या पुस्तकात आहे. अंगासरशा सूटपेक्षा ते किती तरी जास्त बाईचं आहे. प्रकाशकांना पटलं नाही. मुलगे पुस्तक विकत घेणार नाहीत, असं त्यांचं व्यवहारी मत पडलं. आता वर्गणी जमवून आम्हीच पाचशे प्रती काढतो आहोत.

बाहेरच्यांशी भांडणं सोपं होतं. जास्त कठीण गेलं ते आपल्याच मैत्रिणींचं म्हणणं ऐकून घेणं. गिरजा मिसरी लावते. एक कार्यकर्ती म्हणाली, 'काढून टाका, मुलींपुढे काय आदर्श ठेवताय?' मिसरी वाईट हे मीही दहा शिबिरांत सांगितलं आहे. पण पहाटे चारला उठून पाण्याला जाणाऱ्या माझ्या ओळखीच्या बायकांपैकी किती जणी मिसरी न लावता जातात? सूट घातला की तोंडात बोट घालता येत नाही, म्हणून गिरजा पहिले दोन दिवस सगळ्यांवर खेकसत असते. शिबिरात हे वाचताना मुली जितक्या हसल्या तितक्या दुसऱ्या कशाला हसल्या नाहीत. तिला निर्व्यसनी, शांत, सोशिक केलं असतं तर तो आदर देव्हाऱ्यातला झाला असता. देव्हाऱ्याचा अनुभव आपण हजारो वर्षं घेतला आहे.

दुसरा आक्षेप असा की, वस्तीच्या पाण्याचे खोटे हिशोब लिहिणारी अधिकारी बाई का दाखवली? दुष्टावा पुरुषाकडे का दिला नाही? इथे मी हायाओ मियाझाकी या जपानी चित्रकाराचं नाव घेते. त्याची 'नौसिका' ही चित्रकथा १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं चालली. विषारी झालेल्या पृथ्वीवरची गोष्ट. नौसिका किडे आणि बुरशी यांचा अभ्यास करते. स्वच्छ माती-पाण्यात विषारी रानातली झाडं विषारी राहत नाहीत हे ती स्वतःच्या तळघरात रोपं वाढवून शोधून काढते. तिच्यासमोर शत्रुपक्षाची सेनापतीही बाईच, कुशाना. क्रूर, हुशार आणि स्वतःच्या सैनिकांसाठी जीव टाकणारी. एकच बाई असली की सगळ्या बायकांचं ओझं तिच्या एकटीच्या डोक्यावर येतं, मग तिला वाईट वागायची मुभा राहत नाही. चार असल्या की एखादी लबाड असू शकते. आमच्या गोष्टीत सहा आहेत. आणि हो, चहा वस्तीचा कप्तान करतो, कारण त्या आठवड्यात त्याची पाळी आहे. भिंतीवर पाळीपत्रक लावलेलं दिसतं, त्यावर कुणी काही बोलत नाही.

दिसण्याचं काय? २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान कक्षेत पोचलं आणि बंगळूरच्या नियंत्रण केंद्रातल्या, रेशमी साड्या आणि गजरे घातलेल्या बायकांचं हसतानाचं छायाचित्र जगभर गेलं. नंतर कळलं की त्यातल्या बऱ्याचजणी कार्यालयीन कर्मचारी होत्या. पण मोहिमेवर काम करणाऱ्या रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ, मीनल रोहित या खऱ्याच होत्या, आणि त्यांनाही आपण साडीत पाहिलं आहे. म्हणून वस्तीच्या आतल्या भागात आमच्या बायका आपापल्या सवयीचे कपडे घालतात. गिरजा काष्टा घालते. तो चंद्रावरच्या कमी वजनात सोयीचा पडतो, असं माझ्या मैत्रिणीचं ठाम मत आहे. तिथे जाऊन तपासायची सोय नाही, म्हणून मी वाद घातला नाही.

आडनावावर मात्र घातला. शाळेच्या पटावर, भाड्याच्या खोलीच्या दारात आपल्याकडे आडनाव विचारतात ते जात कळावी म्हणून. भविष्यकाळात ते ठेवायचं का? मैत्रीण म्हणे, काढून टाकू, तेवढं तरी स्वप्न बघू. मी म्हणत होते की, आडनाव काढलं की वाचणारा गिरजाला आपोआप आपल्याच जातीची धरून चालेल. शेवटी असं ठरलं की, सहकाऱ्यांच्या छातीवरच्या पट्ट्यांवर आईचं नाव असेल, आणि गिरजा कोणत्या वस्तीतून आली, तिथल्या विहिरीवर तिच्या आजीला का जाऊ देत नव्हते, हे ती एका रात्री नाझनीनला स्वतःच्या तोंडानं सांगेल. ते पान मी सात वेळा लिहिलं आहे.

रंगाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पौराणिक चित्रकथांमध्ये नायिका गोरी आणि काळा रंग असुरांसाठी, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. गिरजा काळी आहे. पण रंगीत छपाई परवडत नाही, पुस्तक कृष्णधवल निघणार, आणि गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग घडतो उन्हाचा किरण न पोचणाऱ्या विवरात. काळ्या विवरात काळी बाई काढायची, तिचा चेहरा नुसता शाईचा डाग होऊ द्यायचा नाही आणि त्यासाठी तिला गोरीही करायची नाही. मैत्रीण सध्या टाकाच्या बारीक रेघांनी ते साधायच्या खटपटीत आहे. सतरावं पान चौथ्यांदा काढून झालंय, पाचव्यांदा काढणार म्हणते.